बोंडूच्या रसाचा शिरका व तळाचा साका

फाल्गुन-चैत्रांत मालवण, वेंगुर्लें व सावंतवाडी या भागांतील बागांतून काजूबी वेंचून घेतल्यावर बोंडू बहुधा झाडाखालींच कुजतात. बीच्या मानानें बोंडूचें वजन पांचसहापट भरतें. म्हणजे बागाइतदार जें घरीं नेतो त्याच्या कित्येक पट माल मातींत सोडतो. तेरेखोलपलीकडे गोमंतकांत याच रसाची फेणी काढितात, व तिला २००९ सालीं भौगोलिक निर्देशनाची नोंदही मिळाली. आपणांस घरगुती शिरका करणें अधिक सोयीचें आहे. परंतु असा शिरका पुष्कळदां गढूळ राहतो व त्यास घाण येते. दोष रसास दिला जातो. आमच्या मतें तो तळाच्या साक्याचा असतो.

प्रथम एक सूचना. शिरका होण्यापूर्वीं रसांत मद्यार्क उत्पन्न होतो, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य करणें हा गुन्हा आहे. यास्तव आरंभींच राज्य उत्पादन शुल्काच्या कचेरींत विचारून लागेल ती परवानगी घ्यावी.

पहिला साका तुरटपणाचा. ताजे, न किडलेले बोंडू धुऊन त्याच दिवशीं रस काढावा व फडक्यानें गाळावा. एक लिटर रसास सुमारें १२५ मिलिलिटर तांदुळाची निवलेली पेज घालून ढवळावें. घसा धरणारें तुरट द्रव्य पेजेशीं मिळून गुठळ्या होऊन तळीं बसतें. वरचा रस निवळून घ्यावा.

दुसरा साका महत्त्वाचा. हा रस कांचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणींत पाऊण भरावा. तांब्या-पितळेचें अथवा लोखंडाचें भांडें वापरूं नये. वायु बाहेर जाईल पण चिलटें आंत शिरणार नाहींत असें तोंड बांधावें. रस फसफसूं लागतो. हें काम यीस्ट नांवाच्या सूक्ष्म जीवांचें आहे, हें लुई पाश्चर यानें १८५७ नंतरच्या प्रयोगांनीं दाखवून दिलें. साखर संपली कीं यीस्ट उपाशी पडून तळीं बसतें. तें तेथेंच राहूं दिल्यास त्याच्या पेशी मरून विरघळतात व रसांत कुजक्या अंड्यासारखा वास उतरतो. युरोपच्या थंड तळघरांत मद्य कांहीं महिने साक्यावर टिकतें. आपल्या कोंकणच्या उष्म्यांत तितकी सवड मिळत नाहीं.

म्हणून बुडबुडे थांबून वरचा रस निवळूं लागला कीं लवकर उपसणी करावी. आदल्या रात्रींच बरणी उंच पाटावर ठेवावी, म्हणजे ऐनवेळीं हालवावी लागत नाहीं. स्वच्छ रबरी नळी उकळून निवविलेल्या पाण्यानें भरून एक टोंक रसांत व दुसरें खालच्या भांड्यांत सोडावें. तोंडानें ओढूं नये. आंतलें टोंक साक्याच्या दोन बोटें वर धरावें आणि गढूळ धार दिसतांच थांबावें. शेवटच्या शेरभर रसाच्या लोभानें सारी बरणी बिघडते. उरलेला गढूळ भाग उंच, अरुंद बाटलींत एक दिवस ठेवल्यास त्यांतूनही थोडा स्वच्छ रस मिळतो.

साका फुकट दवडूं नये. वास निर्मळ असेल तर त्यांतील थोडा त्याच आठवड्यांतील नव्या रसास विरजण म्हणून चालतो. बाकीचा शेणखताच्या खड्ड्यांत मिसळावा. यीस्टमध्यें नत्र असतें. त्यांत मद्यार्क असल्यानें गुरांस मात्र घालूं नये.

यापुढें क्रिया उलटते. आतां हवा पाहिजे. रुंद तोंडाचें भांडें अर्धें भरून, रसाच्या चौथाई न तापविलेला चांगला शिरका घालावा व वर पातळ फडकें बांधावें. पृष्ठावर जी साय धरते ती मोडूं नये. मद्यार्काचें अम्ल तीच करिते. जुनी साय बुडून तिसरा साका होतो. साधारण एक ते दोन महिन्यांनीं मद्याचा वास जाऊन आंबटपणा पुरा आला कीं शिरका वरून काढून गाळावा, पाण्याच्या भांड्यांत ठेवून साठ-पासष्ट अंश सेल्सियसपर्यंत तापवावा व बाटल्या कांठोकांठ भरून बुचें घालावीं.

विकावयाचा असल्यास शंभर भागांत निदान पावणेचार भाग अम्ल असावें असा नियम आहे. बोंडूच्या रसांतील साखर तेवढ्यास पुरते. पाणी न मिसळलें व साका वेळींच दूर केला, तर झाडाखालीं कुजणाऱ्या फळापासून बागाइतदाराच्या पदरीं वर्षभर टिकणारा जिन्नस पडतो.