ओठ ग्रहणाने दुभंगत नाही

आमच्या जुन्नर-आंबेगावात ग्रहण लागलं की गरोदर बाईच्या हातातली विळी आजही काढून घेतात. सुईदोरा नको, चिरणं नको. पुढे बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला की सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात : "ग्रहण पाळलं नसशील." हा आळ खोटा आहे.

गैरसमज : ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ चिरतो.
वस्तुस्थिती : ओठ चिरत नाही, जुळायचा राहतो. गर्भात चेहऱ्याचे भाग वेगवेगळे वाढतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास वरचा ओठ सांधला जातो. आठव्या आठवड्यापर्यंत बोटंही सुटी होतात. डोहाळजेवणाच्या सुमारास आलेलं ग्रहण त्यात काय बदलणार? या घडणीचं सूत्र जनुकांकडे असतं.

गैरसमज : जनुकं चांगली असली की अवयव नीट घडतातच.
वस्तुस्थिती : जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात. कुठलं जनुक कुठे आणि कधी जागं होतं, त्यावर घडण ठरते. शेत कितीही कसदार असो, डिंभे धरणाच्या कालव्याला आवर्तन वेळेवर सुटलं तरच पीक उभं राहतं. जनुकांची अशी दारं उघडण्या-मिटण्याची खूण असते बहुतांशी प्रथिनं न घडवणाऱ्या डीएनएत.

गैरसमज : प्रथिनं न घडवणारा डीएनए म्हणजे भंगार.
वस्तुस्थिती : आपल्या डीएनएचा जेमतेम दीड टक्का भाग प्रथिनांची कृती सांगतो. उरलेल्याला 'भंगार' हे नाव १९७२मध्ये सुसुमु ओह्नो यांच्या लेखामुळे रूढ झालं. त्यातलं सगळंच कामाचं नाही, पण काही तुकड्यांवाचून गर्भाचं पान हलत नाही. हातापायांच्या घडणीत 'सॉनिक हेजहॉग' हे जनुक लागतं. त्याला जागं करणारा तुकडा डीएनएच्या धाग्यावर सुमारे दहा लाख अक्षरं दूर आहे. धाग्याची घडी पडून तो जनुकाजवळ येतो. त्यातलं एकच अक्षर बदललं तरी काही घराण्यांत अंगठ्याशेजारी जादा बोट येतं, हे २००३मध्ये दिसून आलं. २०१६मध्ये उंदरात याच तुकड्याच्या जागी अजगराचा तुकडा बसवला, तेव्हा पायांच्या जागी नुसते खुंट उरले. जनुक मात्र उंदराचंच होतं! ओठाचंही तसंच : 'आयआरएफ-६' जनुकाजवळच्या अशाच एका तुकड्यातला एका अक्षराचा फरक ओठ दुभंगण्याचा धोका वाढवतो. एवढ्या एका कारणाने मात्र ओठ दुभंगतोच असं नाही.

गैरसमज : मग आईच्या हातात काहीच नाही.
वस्तुस्थिती : आहे. दिवस राहण्याआधीपासून घेतलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बाळाच्या मेंदू-मणक्याचे दोष टाळायला मदत करतात. मिश्री आणि तंबाखू सोडायलाच हवी. ओठ दुभंगलेला असलाच तर साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश आहे.

आमच्याच खोडदच्या रेडिओ दुर्बिणी आकाश वाचतात, त्याच आकाशाचं भय पोटुशीला घालू नका. तिला अंधाऱ्या खोलीत बसवण्याऐवजी पहिल्या महिन्यातच दवाखान्यात न्या.