धानाच्या तुसातली काच

धान कापून आलेल्या माणसाची बोटं कधी नीट पाहिलीत? बारीक बारीक चिरा असतात. दिवाळीच्या सुटीत साकोलीकडे घरी गेलो की विळा हातात घ्यावाच लागतो. मग हॉस्टेलला परतल्यावर रूममेटचा ठरलेला प्रश्न : "काय बे, मांजरीनं बोचकारलं का?" मांजर नाही राजा, धानाचं पान! त्याच्या कडेचे बारीक काटे सिलिकानं टणक झालेले असतात. सिलिका म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते तेच द्रव्य.

आता झाड काही वाळू खात नाही. मातीतल्या सिलिकाचा अगदी थोडा अंश सिलिसिक ॲसिडच्या रूपात पाण्यात विरघळलेला असतो, तो मुळं उचलतात. पण सगळ्याच झाडांची मुळं नाही. टोमॅटो त्याला फारसं आत घेत नाही, धान मात्र भरभरून घेतं. असं का, याचा उलगडा जपानमधल्या ओकायामा विद्यापीठातले जियान फेंग मा आणि सहकाऱ्यांनी २००६ साली केला. धानाच्या मुळांतल्या पेशींना सिलिसिक ॲसिडसाठी वेगळं दार आहे (नाव एलएसआय-१). पुढच्याच वर्षी एलएसआय-२ सापडलं. ते नुसतं दार नाही, पंप आहे. एक बाहेरच्या बाजूनं आत घेतं, दुसरं आतल्या बाजूनं पुढे ढकलतं. मेकॅनिकलवाल्यांनी हे डिझाइन जरूर पाहावं.

पुढचं काम ऊन करतं. आपल्या कूलरच्या ताट्यांवर मे संपेपर्यंत पांढरा थर धरतो ना? पाणी उडतं, क्षार मागे राहतात. कूलरमधले क्षार वेगळे, पण गोष्ट तीच. पानातून आणि दाण्याच्या टरफलातून पाणी उडतं, ॲसिड दाट होत जातं आणि शेवटी त्याची घट्ट सिलिका होऊन पेशींत बसते. वाळलेल्या तणसात तिचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. हा थर असला की धान सहसा लोळत नाही, करपा कमी पडतो आणि अळीचे दात झिजतात. अत्यावश्यक मूलद्रव्यांच्या यादीत सिलिकॉन नाही, तरी जपाननं १९५५ मध्ये सिलिकेटला खत म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे तणस बांधीतून उचललं जातं, म्हणजे त्यातली सिलिकाही जाते, पण युरियाच्या हिशोबात तिला कोण विचारतो?

सागाच्या लाकडातही सिलिका असते, म्हणून आरागिरणीत करवत लवकर बोथट होते. बांबूच्या पेरांत साठणारी सिलिका म्हणजे सितोपलादी चूर्णातलं वंशलोचन. आणि अळूची भाजी घशाला खाजते तेव्हा दोष मेसच्या मावशींचा नसतो. तिथे सिलिका नसून कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात.

पण मला बोलायचंय ते तुसाबद्दल. १०० किलो धान भरडलं की साधारण २० किलो तूस निघतं, ते जाळलं की ४ किलोच्या आसपास राख. त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका! भंडारा-गोंदियाकडे राइस मिल कमी नाहीत, आणि बॉयलरमध्ये तूसच जळतं. आमच्या गावाजवळच्या एका मिलची राख रस्त्याकडेला पडायची. एसटीच्या खिडकीतून सरळ डोळ्यांत.

सिव्हिलवाल्यांना माहीत असेल, आयएस ४५६:२००० मध्ये तुसाच्या राखेचा उल्लेख आहे. गुणवत्ता एकसारखी असेल आणि संबंधित अधिकाऱ्याची मान्यता असेल, तर ती काँक्रीटमध्ये वापरता येते. सिमेंट भिजल्यावर जो चुना मोकळा होतो त्याच्याशी ही सिलिका जुळते आणि पक्कं कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं. मग गाडी अडते कुठे? जाळण्यात. झाडानं बनवलेली सिलिका स्फटिकरूप नसते, तिच्यातल्या अणूंची रचना काचेसारखी विस्कळीत असते, म्हणून ती चटकन क्रिया करते. साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ तापली की तिचे स्फटिक होऊ लागतात आणि ती सुस्त पडते. शिवाय स्फटिकी सिलिकेची धूळ फुप्फुसाला घातक. उलट कमी जाळली तर कार्बन उरतो आणि राख काळी राहते.

मी एकदा घरून डबाभर काळी राख आणली आणि सरांच्या मागे लागून डिपार्टमेंटच्या भट्टीत ६०० अंशांवर ठेवली. बाहेर काढली तर करडी-पांढरी! मी खूश. सर म्हणाले, "अरे, यानं फक्त कार्बन गेला. मिलच्या बॉयलरमध्ये ती आधीच किती तापली होती, ते रंगावरून कसं कळेल?" ते पाहायला एक्स-रे डिफ्रॅक्शन लागतं. २२ अंशांच्या आसपास पसरट उंचवटा दिसला तर झाडाची सिलिका शाबूत, टोकदार शिखर दिसलं तर ती बॉयलरमध्येच बिघडलेली. आमच्याकडे ते यंत्र नाही. डबा अजून खोलीत कपाटावर आहे.