साहसखेळांतील कथा व तिचें संगीत

व्हिडिओ गेम खेळत बसणाऱ्या मुलांविषयीं घरोघर तक्रार ऐकूं येते. तिची योग्यायोग्यता आज आम्हांस ठरवावयाची नाहीं. परंतु त्यांपैकीं ज्यांस अद्भुतरम्य साहसकथा म्हणतां येईल अशा खेळांत कथा सांगण्याची एक निराळी रीत उदयास आली आहे; तिजकडे वडील मंडळींनीं एकवार तरी डोळसपणें पाहावें.

या खेळांत नायकास चालविणारा खेळाडूच असतो. मात्र मधून मधून खेळ त्याच्या हातांतील सूत्रें काढून घेतो व पडद्यावर एखादा प्रसंग आपोआप घडूं लागतो. यास कटसीन म्हणतात. संस्कृत नाटकांतील विष्कंभकाची येथें आठवण होते. पण विष्कंभकांत रंगभूमीवर न दाखविलेलें कथानक सूचित होतें, येथें बहुधा जें अत्यंत महत्त्वाचें तेंच दाखवितात.

जपानांतील स्क्वेअर कंपनीचा १९९७ सालचा ‘फायनल फँटसी सेव्हन’ हा खेळ घ्या. त्यांत एरिथ नांवाची फुलें विकणारी मुलगी नायकाच्या सोबत्यांपैकीं आहे. खेळाडूनें तिला कित्येक तास बरोबर वागविलेलें असतें, लढायांत तिजकडून सोबत्यांच्या जखमा बऱ्या करून घेतलेल्या असतात. ती प्रार्थनेस बसली असतां प्रतिनायक सेफिरॉथ वरून उतरतो व तिला तरवारीनें भोसकतो. खेळाडूस कांहींही करतां येत नाहीं. तिच्या केसांतील गोळा निसटून उड्या घेत खालीं पाण्यांत पडतो, आणि नोबुओ उएमात्सु यांनीं तिच्यासाठीं रचिलेली चाल सुरू होते. या चालीचें एक रूप खेळाडूनें पूर्वीं फुलांनीं बहरलेल्या चर्चमध्यें ऐकिलेलें असतें. म्हणून ती अधिकच झोंबते. लागलीच एका विक्राळ प्राण्याशीं लढाई जुंपते. एरवीं लढाई म्हटली कीं आवेशाचें संगीत ठरलेलें. येथें तें वाजतच नाहीं. तीच शोकाची चाल चालूं राहते. हातानें वार करावयाचे आणि कानानें विलाप ऐकावयाचा! लढावें लागलें म्हणून नायकाचें दुःख थांबलेलें नाहीं, हें एकाही शब्दावांचून कळतें. या प्रसंगीं एखाद्या मुलाचे डोळे भरून आले, तर त्याचा वेळ फुकट गेला असें आम्ही तरी म्हणणार नाहीं.

१९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्यें कोजी कोंडो यांच्या चाली खेळाडूसच एका लहानशा फुंकवाद्यावर, पांच बटणांनीं, वाजवाव्या लागतात, कोणी घोडीस बोलावते, कोणी पाऊस पाडते. येथें संगीत ही नुसती साथ नव्हे, कथेंतील कृतीच होय.

मात्र कित्येक खेळांत कटसीन इतके लांबतात कीं खेळाडू नुसता प्रेक्षक होऊन बसतो. संगीत नाटकांत वन्समोअरांच्या भरांत कथानक खोळंबे, त्यांतलाच हा प्रकार.

याच्या उलट २००५ सालच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्यें नायक ओसाड माळावरून घोडा दौडवितो तेव्हां बहुतेक वेळ संगीत नसतेंच, टापा आणि वारा. मृत प्रियेस उठविण्यासाठीं त्यानें सोळा महाकाय प्राणी मारावयाचे असतात. एकेक प्राणी कोसळला कीं विजयाचें वाद्य वाजेल अशी अपेक्षा असते. वाजतात ते करुण स्वर. आपण करीत आहों तें योग्य कीं अयोग्य, ही शंका खेळाडूच्या मनांत प्रथम तेथें शिरते, आणि तरीही पुढच्या प्राण्याकडे घोडा त्यालाच वळवावा लागतो.