फरशी ओली का राहते? बंदिस्त स्विमिंग पूलमधल्या हवेची गोष्ट



आज आम्ही स्विमिंग पूलबद्दल बोलणार आहोत. ऐकून काही जणी हसतील. म्हणतील, इथे प्यायच्या पाण्याला टँकर, आणि ह्यांना पूल सुचतोय. पण आता आपल्या गटांना सफाईची कामं मिळू लागली आहेत. शाळा, मंगल कार्यालय, क्रीडा संकुल. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटालाही तालुक्याच्या गावी एका बंदिस्त पूलच्या सफाईचं काम मिळालं. आमच्या सहा जणी, दोन पाळ्या. चारी बाजूंनी भिंती, वर पत्रा, आणि थंडीतही मुलांना पोहता यावं म्हणून गरम केलेलं पाणी.

पावसाळा कसाबसा गेला. थंडी आली आणि तक्रारी सुरू झाल्या. पहाटे दार उघडलं की फरशी ओली, भिंती ओल्या, पत्र्यावरून टपटप पाणी. आम्ही वायपर मारायचो, फडक्यानं कोरडं करायचो. अर्ध्या तासात पुन्हा तेच. साहेब म्हणायचे, तुमच्या बायका नीट पुसत नाहीत. एके सकाळी आमच्यातली एक ताई बादली घेऊन जाताना घसरली, मनगट मोडलं. वर "सफाई असमाधानकारक" म्हणून त्या महिन्याच्या बिलातून पैसे कापले.

आम्ही बैठकीत बसलो. सगळ्यांत मोठ्या काकू म्हणाल्या, "अगं, पुसून जातं ते सांडलेलं पाणी. हे पाणी वरून येतंय. आधी ते कुठून येतं ते बघा." त्या एका वाक्यावरून आम्ही शोध घ्यायला लागलो.

आता थोडं शास्त्र, पण आपल्या घरातलंच. वैशाखात पापड तासाभरात कडक होतात. श्रावणात दिवसभर ठेवले तरी मऊ. असं का? हवेत वाफेसाठी ठरावीक जागा असते. वैशाखात ती जागा रिकामी असते, श्रावणात भरलेली. आणि हवा जितकी गरम, तितकी ही जागा मोठी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढी हवा घ्या. ती ३० अंशांवर असेल तर तिच्यात जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांवर १७ ग्रॅम. १० अंशांवर फक्त ९ ग्रॅम. ३० ग्रॅमच्या जागेत १८ ग्रॅम वाफ असेल, तर आपण म्हणतो आर्द्रता ६० टक्के.

ही ३० अंशांची, ६० टक्क्यांची हवा थंड पत्र्याला लागली तर काय होईल? थंडीच्या रात्री पत्रा १२-१५ अंशांवर येतो. तिथे हवा गार होते, तिची जागा आकसते, १८ ग्रॅम वाफ मावत नाही. उरलेलं पाणी पत्र्यावर थेंब होऊन बसतं. फ्रिजमधल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. बाटली गळत नसते आणि आमचा पत्राही गळत नव्हता. ते पाणी पूलचंच होतं. वाफ होऊन वर गेलं आणि थेंब होऊन खाली आलं.

मग पूलमधून इतकी वाफ का निघते? थंडीत पहाटे विहिरीवर वाफ दिसते, पाहिलीये ना? पाणी उबदार आणि वरची हवा गार असली की वाफ जोरात निघते. म्हणून बंदिस्त पूलचा पहिला नियम असा, की हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश जास्त गरम हवी. पाणी २८ अंशांवर असेल तर हवा २९-३०. त्यानं वाफ कमी होते आणि पाण्यातून बाहेर आलेलं मूलही कुडकुडत नाही. दुसरा नियम, आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान हवी. त्याहून वर गेली की भिंतीला बुरशी, लोखंडाला गंज, आणि आत काम करणाऱ्याला घुसमट.

आम्ही गटाच्या पैशातून एक छोटं डिजिटल यंत्र आणलं. काही शे रुपयांत मिळतं, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतं. तीन आठवडे वहीत नोंद ठेवली. सकाळी सहा, दुपारी एक, रात्री नऊ. रात्री बंद करताना आकडा ६५-७० असायचा. सकाळी उघडताना ८५ च्या वर. म्हणजे पूलमध्ये कुणी नसताना ओल वाढत होती! चौकशी केली तेव्हा कळलं, विजेचं बिल वाचवायला रात्री एक्झॉस्ट पंखे बंद करत होते. आणि पूलवर टाकायचं प्लास्टिकचं आवरण गुंडाळून कोपऱ्यात पडलं होतं. ते ओढायला दोन माणसं लागतात म्हणून.

आता गंमत बघा. थंडीतली बाहेरची हवा आपल्याला ओलसर वाटते. पण १२ अंशांची हवा पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात ११ ग्रॅमच्या आसपासच वाफ असते. तीच आत येऊन ३० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणजे ओल ओढून न्यायला थंडीतली हवा सगळ्यात चांगली, आणि नेमका तेव्हाच पंखा बंद!

पावसाळ्यात उलट. बाहेर २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत २२ ग्रॅम वाफ आधीच भरलेली. ती आत आली तरी आर्द्रता ७० च्या खाली जाणार नाही, पूलची वाफ वेगळीच. म्हणून पावसाळ्यात खिडक्या उघडून ओल जात नाही. तिथे ओल काढायचं यंत्र लागतं. ते आतली हवा थंड नळ्यांवरून नेतं, पाणी तिथेच थेंब होऊन गळतं, आणि कोरडी झालेली हवा पुन्हा गरम करून आत सोडतं. पत्र्यावर जे नको तेच आपण नळीवर घडवून आणायचं. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी, तेव्हा वारा खेळता ठेवला की भागतं. मात्र कूलर लावू नका. कूलर हवेत पाणीच घालतो.

काही जणी विचारतील, ओलीनं एवढं काय बिघडतं? दोन गोष्टी सांगतो. पहिली आपल्या छातीची. पूलवर जो उग्र वास येतो त्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, आणि वाटतं पाणी स्वच्छ आहे. तसं नसतं. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की क्लोरामाइन तयार होतात. हा वास त्यांचा. त्यानं डोळे चुरचुरतात, खोकला येतो, दमा असेल तर वाढतो. हवा बदलली नाही की हा वायू आतच साठतो, पाण्याच्या लगत जास्त. म्हणून हवा खेचायची सोय खालच्या बाजूलाही लागते, नुसती छताजवळ नाही. आणि पोहण्याआधी साबण लावून आंघोळ हवीच.

दुसरी गोष्ट गंजाची. स्वित्झर्लंडमध्ये उस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या बंदिस्त पूलचं काँक्रीटचं छत १९८५ साली खाली कोसळलं आणि १२ माणसं गेली. ते छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी टांगलेलं होतं. आपण म्हणतो स्टीलला गंज लागत नाही. पण पूलच्या दमट हवेतल्या क्लोराइडनं त्या सळ्यांना आतून तडे गेले होते. म्हणून छताच्या टांगण्या, नटबोल्ट आणि लाइटचे हुक जाणत्या माणसाकडून ठरावीक काळानं तपासून घ्यायलाच हवेत.

नोंदवही घेऊन आम्ही चौघी साहेबांकडे गेलो. भांडायला नाही. पान उघडलं आणि रात्रीचा आकडा, सकाळचा आकडा दाखवला. ते म्हणाले, पंख्याचं बिल कोण भरणार? आम्ही म्हटलं, पूलचं एक लिटर पाणी वाफ होतं तेव्हा पाऊण युनिटच्या आसपास उष्णता घेऊन जातं. ते पाणी पुन्हा गरम कोण करतं? आवरण टाकलं तर वाफच कमी होईल, मग पंखा हळू चालला तरी पुरेल. ते थोडा वेळ वही चाळत राहिले. मग म्हणाले, महिनाभर करून बघू.

रात्रीचा पहारेकरी आणि आमच्या पाळीची एक जण मिळून आवरण ओढू लागले. पंखे रात्रभर कमी वेगानं चालू राहिले. ताजी हवा आत येण्यापेक्षा बाहेर जाणारी थोडी जास्त ठेवली, म्हणजे ओल कपडे बदलायच्या खोलीत शिरत नाही. महिन्यानं सकाळचा आकडा ६५ च्या आसपास आला. थेंब पूर्ण थांबले नाहीत. त्यासाठी पत्र्याला आतून उष्णता अडवणारा थर आणि वाफ न शिरणारा पडदा लागतो. तो अजून झालेला नाही. पण फरशी एकदा पुसली की कोरडी राहते. कापलेले पैसे पुढच्या बिलात परत मिळाले. ताईच्या औषधपाण्याचे मात्र मिळाले नाहीत, ते गटानं भरले.

तेव्हा मैत्रिणींनो, असं काम घ्यायच्या आधी एवढं बघा. आत गेल्यावर डोळे चुरचुरतात का? काचेवर, पत्र्यावर थेंब आहेत का? पंखे किती तास चालतात? पूलवर आवरण आहे का, आणि ते कोण टाकतं? आपल्या माणसाला इजा झाली तर खर्च कोणाचा? हे सगळं करारात लिहून घ्या. आम्ही लिहून घेतलं नव्हतं. टाइल्सचं ॲसिड आणि हायपो किंवा ब्लिचिंग पावडर कधी एकत्र करू नका, एका बादलीतही नाही. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद जागेत पळायलाही वेळ मिळत नाही.

आणि एक छोटं यंत्र, एक वही जवळ ठेवा. "बायका नीट पुसत नाहीत" असं कुणी म्हटलं, तर वहीचं पान उघडून समोर ठेवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.