जवानांचा शिधा आणि व्यापाऱ्याची धास्ती

वाशीच्या घाऊक बाजारात रात्री उतरलेला भाजीपाला उजाडण्यापूर्वी मुंबईच्या किरकोळ विक्रेत्यांकडे रवाना होतो. माल पडून राहिला की पदरचा पैसा बुडतो, ही धास्ती तेथे कोणत्याही नियमावलीपेक्षा अधिक काम करते. लष्कराच्या शिधापुरवठ्यात ही धास्ती कोणालाच नसते, आणि दुखण्याचे मूळ तेथेच आहे.

महालेखापरीक्षकांच्या २०१०-११ च्या अहवालाने हे दुखणे उघड केले. मुदत उलटलेला कोरडा शिधा जवानांच्या ताटात जात होता; ताज्या मालाच्या ठेक्यांत पुरेशी स्पर्धा नव्हती. नमुना तपासून साठवणीची मुदत वाढवून देण्याची सोय असल्यावर, जुना माल वेळेत हलविण्याची निकड वाटावी कोणाला?

व्यापाराचा आधार घेणे सैन्याला कमीपणाचे नाही. १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीने धान्यासाठी बंजाऱ्यांच्या तांड्यांवर भिस्त ठेवली होती. अमेरिकेने १९९० च्या दशकात देशांतर्गत तळांचा अन्नपुरवठा मोठ्या घाऊक वितरकांकडे सोपविला आणि सरकारी कोठारांतील साठा कमी केला.

मात्र येथे थोडे थांबावयास हवे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने रिकामे गोदाम म्हणजे कार्यक्षमता. लडाखमध्ये तीच उपासमार ठरेल. हिवाळ्यात झोजी-ला बर्फाने बंद पडतो, म्हणून उन्हाळ्यातच शिधा वर चढवून ठेवावा लागतो. रसद तुटलेल्या सैन्याची दशा काय होते, हे पानिपताच्या वारसांना सांगण्याची गरज नाही. तेव्हा सियाचीनच्या साठ्याला अपव्यय म्हणणारा हिशेबनीस अर्थशास्त्र अर्धेच शिकला आहे. (असे विद्यार्थी आमच्या वर्गातही असतात.)

परंतु देवळालीची गोष्ट निराळी. नाशिकचा बाजार तेथून हाकेच्या अंतरावर आहे. अशा छावण्यांनी महिनोन्महिन्यांचा माल कोंडून ठेवण्याचे कारण काय? तेथे वितरकाने ठरल्या दिवशी माल थेट भटारखान्यापर्यंत पोहोचवावा आणि खराब निघाल्यास स्वखर्चाने परत न्यावा. सीमेवरील कोठारांत साठा भरपूर असावा; पण प्रत्येक पोत्याची मुदत वहीत नोंदलेली असावी आणि जिची आधी संपते ते पोते आधी बाहेर पडावे. आणि केवळ सर्वांत कमी दराच्या निविदेला ठेका देण्याचा मोह आवरावा. वाशीचा आडत्यादेखील गेल्या खेपेला सडका कांदा देणाऱ्याकडून, चार पैसे स्वस्त मिळतो म्हणून, पुन्हा माल घेत नाही.