६१ मेगापिक्सेल आणि इनामगावची खापरं

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० मधलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. तिथली जोर्वे खापरं म्हणजे तांबड्यावर काळी नक्षी! नव्या ६१ मेगापिक्सेल कॅमेऱ्यानं अशी खापरं टिपायची तर:

🔸 जरासा हात हलला तरी फोटोत दिसतो. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.
🔸 अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवा. एफ/२२ला विवर्तनामुळे बारकावे पुसट होतात.
🔸 प्रकाश बाजूनं, तिरपा घ्या; कुंभाराच्या चाकाच्या रेघा उठून दिसतात.
🔸 शेजारी सेंटिमीटरची पट्टी हवीच.
🔸 कॉम्प्रेस न केलेली रॉ फाइल शंभर एमबीच्या पुढे जाते. मोठं, वेगवान कार्ड घ्या.

आणि हो, पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, खापर दिसलं तर फोटो काढा, उचलू नका!