मुरुमाची वाट

सायकलीला डांबरी सडकच हवी, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः टेकडी, झाडी आणि तळे यांच्याजवळ नेणाऱ्या वाटा बहुधा मुरुमाच्याच असतात, आणि आम्हा नागपूरकरांना त्या दूर शोधाव्या लागत नाहीत. सेमिनरी हिल्सची चढण, फुटाळा, गोरेवाड्याची झाडी हा सारा पश्चिमेकडचा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या कातळावर वसला आहे. हा कातळ झिजला की मुरूम होतो. त्यातून पाण्याचा निचरा होतो, म्हणून चाक रुतत नाही. आणखी झिजला की त्याचीच काळी माती होते. ती पावसात फुगते आणि चाकाला चिकटून सायकल अडवते.

मुरुमावर टायर रुंद असावा व हवा थोडी कमी भरावी. म्हणजे चाक खड्यांवरून उसळत नाही. उतारावर पुढचा ब्रेक एकाएकी दाबू नये. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरू नये.

एक पथ्य मात्र सर्वांत मोठे. ओल्या वाटेवर चाकाने पडलेली चाकोरी पुढे ओघळ बनते आणि ओघळाची माती तळ्यात जाते. पेंचचे पाणी गोरेवाड्यास शुद्ध होऊन आपल्या घरी येते, हे आपण विसरू नये. तात्पर्य, पावसानंतर वाट वाळेपर्यंत आपण थांबावे.